सुट्टीत कोणते पुस्तक वाचावे?
सुट्टीत पुस्तकपेटीतले कोणते पुस्तक घरी न्यावे यावर वर्गात वाद झाला. पोरं म्हणाली, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेच भारी. तो फुरसुंगीचा. सायकल जोरात हाणतो अन् चोर पकडतो. 'श्यामची आई' म्हणे रडकं पुस्तक! मला नाही पटलं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. श्याम पोहायला भितो, लपून बसतो, तेव्हा आई त्याला शिंपटीने झोडते. मग ते नुसतं रडकं कसं? त्यात ४२ रात्री आहेत. आमच्या आजीला वाचता येत नाही. रोज एक रात्र वाचून दाखवली तर सुट्टीभर पुरतात. आजी म्हणते, त्या सायकलवाल्याचं पण आण. पण एकाला एकच पुस्तक मिळतं.