रंगाच्या पाण्याची परीक्षा

पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते. आपण हंड्यात तुरटी फिरवतो. गाळ तळाला बसतो, पाणी निवळते. मग कापड रंगवून उरलेले पाणीही असेच निवळेल काय? पाहू या.

पूर्वी नीळ, मंजिष्ठ, हळद यांपासून रंग करीत. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या १८ वर्षांच्या तरुणाला जांभळा कृत्रिम रंग सापडला. पुढे कारखान्यांत असे हजारो रंग झाले. ते धुऊन विटू नयेत असेच केलेले असतात. म्हणून पाण्यातूनही ते सहजी जात नाहीत.

इचलकरंजी, सोलापूर येथे सूत व कापड रंगवतात. सगळा रंग सुताला धरत नाही. उरलेला पाण्यात जातो. पॉलिस्टरच्या रंगाचे बारीक कण पाण्यात तरंगतात. तुरटीने ते बरेचसे तळाला बसतात. सुती कापडाचे पुष्कळ रंग मात्र साखरेसारखे विरघळतात. तिथे नुसती तुरटी पुरत नाही. खास तयार केलेला कोळसा किंवा ओझोन वायू वापरावा लागतो.

मोठ्या हौदात काय होईल, हे आधी कसे कळावे? सहा काचेची भांडी घेतात. प्रत्येकात एक लिटर तेच पाणी. तुरटी मात्र कमी-जास्त. आधी जोराने, मग हळू ढवळतात आणि अर्धा तास ठेवतात. ज्यात कमी तुरटीत पाणी चांगले निवळले, ते माप हौदाला लावतात. शितावरून भाताची परीक्षा ती हीच!

पण बरं का, शीत त्याच भांड्यातले हवे. काल लाल पाणी होते, आज निळे आले, तर परीक्षा पुन्हा करावी. आता संगणकही असा अंदाज सांगतो. मात्र त्याला दिलेले आकडे खरे हवेत.

आणखी एक. नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. सूत रंगवताना पुष्कळ मीठ घालतात. ते तुरटीने निघत नाही. असे पाणी पिकाला देत राहिले तर जमीन खारवट होते. मग पीक कुठले?

तुमच्या ओढ्याला असे पाणी येते काय? मग चौघे मिळून ग्रामपंचायतीत जा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज लिहा. विचारा, ‘पाण्याची परीक्षा केव्हा झाली? रंगाबरोबर मिठाचीही झाली काय?’ आता तुम्हाला लिहिता येते. अर्ज तुमच्याच हाताने लिहा.