चांगला माल बाहेर, उरलासुरला आपल्याला?

प्रश्न : उरण रस्त्यावर कंटेनरच्या रांगा रोज बघतो. चांगला हापूस, द्राक्षं, कांदा सगळं परदेशी जातं आणि आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं. हा माल देशातच ठेवला तर स्वस्ताई होणार नाही का?
– एक वाचक, उलवे

उत्तर : आंब्याबाबत तुमचा राग अनाठायी आहे. देशात पिकणाऱ्या आंब्यापैकी ताजं फळ म्हणून बाहेर जातं ते शेकड्याला एकसुद्धा नाही. त्याच्यामागे सोपस्कार मात्र केवढे! अमेरिकेला जाणारा बराचसा आंबा आधी वाशीला पणन मंडळाच्या केंद्रात येतो. कोयीतल्या भुंग्याचा बंदोबस्त म्हणून पेट्यांवर किरणांचा मारा होतो, तोही तिकडच्या निरीक्षकाच्या देखरेखीखाली. 1989 पासून बंद असलेलं अमेरिकेचं दार 2007 मध्ये याच अटीवर उघडलं. मोहोर गळून भाव चढला तर त्यात अमेरिकेचा काय दोष?

आता रांगेविषयी. त्यातले कितीतरी ट्रेलर बंदरातून माल घेऊन बाहेर पडत असतात, हे आपल्या लक्षात येत नाही. देशातल्या मोठ्या बंदरांवरच्या कंटेनरपैकी जवळपास निम्मे एकट्या न्हावा-शेव्याला हाताळले जातात. यंत्रं, सुटे भाग, रसायनं आत येतात. शिवाय आपलं 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आणि निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून येतं. त्याचे पैसे बहुतांशी डॉलरमध्ये चुकवावे लागतात, आणि डॉलर नाशिकच्या छापखान्यात छापता येत नाहीत. ते निर्यातीतून कमवावे लागतात. 1991 मध्ये परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोनं विमानाने लंडनला पाठवून गहाण टाकलं होतं.

राहिला कांदा. तुमचा उपाय सरकारने करून पाहिलाय. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात थेट बंदी. ती उठली मे 2024 मध्ये. शहरात कांदा उतरला खरा, पण लासलगावला लिलावात शेतकऱ्याचा भाव पडला. दुबईचा व्यापारी काही आपल्यासाठी थांबत नाही, तो पाकिस्तानचा कांदा उचलतो. ते गिऱ्हाईक परत मिळवायला वर्षं लागतात. गरिबाला कांदा स्वस्त द्यायचाच असेल तर सरकारने बाजारभावाने विकत घ्यावा आणि तोटा आपल्या तिजोरीतून सोसावा. निर्यातबंदी करून तो शेतकऱ्याच्या माथी मारू नये.