क्रेडिट स्कोअर वगळला, तर गाडीच्या विम्याचा हप्ता कोणाचा वाढेल?

अमेरिकेत गाडीच्या विम्याचं कोटेशन काढायला बसलं, की थोड्याच वेळात प्रश्न गाडी सोडून भलतीकडेच वळतात. शिक्षण किती? नोकरी कसली? घर स्वतःचं की भाड्याचं? लग्न झालंय का? एक गोष्ट तर विचारतही नाहीत, कंपनी ती परस्पर काढून घेते. ती म्हणजे तुमचा क्रेडिटचा इतिहास. यांतल्या कोणत्या गोष्टींवरून हप्ता ठरवू द्यायचा, यावर तिथे राज्याराज्यांत कित्येक वर्षं ओढाताण चालू आहे. न्यू जर्सीच्या विधिमंडळात शिक्षण, व्यवसाय आणि क्रेडिट हे निकष काढून टाकणारी विधेयकं पुन्हा पुन्हा मांडली जातात. वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या सदस्य बॉनी वॉटसन कोलमन आणि रशिदा तलैब यांनी 2019 पासून देशभरासाठी तशाच बंदीचं विधेयक लावून धरलं आहे, पण त्याचा कायदा झालेला नाही. 1945च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचं नियमन राज्यांकडे सोपवलं, त्यामुळे तुमचा हप्ता कसा ठरणार हे तुमच्या राज्याच्या राजधानीतच ठरतं.

बंदीची बातमी वाचून ‘चला, आता स्वस्त होणार’ असं समजू नका. निकष काढला म्हणून अपघात कमी होत नाहीत, गॅरेजवाल्याचं बिलही उतरत नाही. सोपं गणित करू. समजा एका कंपनीकडे 100 गाड्या आहेत आणि क्लेम, खर्च धरून तिला वर्षाला 1,60,000 डॉलर गोळा करायचे आहेत. चांगल्या क्रेडिटचे 50 जण 1,200 डॉलर भरतात, कमी क्रेडिटचे 50 जण 2,000. उद्या क्रेडिट बघायला मनाई झाली आणि दुसरा कुठलाच निकष त्याची जागा घेऊ शकला नाही, तर सगळ्यांना 1,600. एकाचे 400 वाचले, ते दुसऱ्याच्या खिशातून गेले. कंपनीचा गल्ला तेवढाच राहिला.

आणि हे दोघे एकाच मराठी घरातले असू शकतात. न्यू जर्सीतल्या एडिसनला नुकतं उतरलेलं जोडपं घ्या. भाड्याचं अपार्टमेंट, पहिलं क्रेडिट कार्ड जेमतेम सहा महिन्यांपूर्वी मिळालेलं, जुनी कोरोला. त्यांच्यासाठी क्रेडिटवरची बंदी फायद्याची. बारा वर्षांनी तेच जोडपं बघा. स्वतःचं घर, दोघं इंजिनिअर, मास्टर्स झालेले, स्कोअर 800च्या आसपास. आता हेच निकष त्यांना सवलत मिळवून देतात आणि बंदी आली तर त्यांचा हप्ता वाढतो. आपल्या लोकांत पदवीधर आणि तांत्रिक नोकरदार बरेच, म्हणून शिक्षण-व्यवसायाच्या निकषाचा लाभ आपल्यातल्या अनेकांना गुपचूप मिळत असतो. मला विचाराल, तर तो काढलाच पाहिजे. डिग्रीने ब्रेक लवकर लागत नाही. पण काढल्यावर आपल्याला भुर्दंड पडणार, हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

क्रेडिटचं प्रकरण इतकं सरळ नाही. फेडरल ट्रेड कमिशनने 2007च्या अहवालात सांगितलं, की या स्कोअरवरून क्लेमचा अंदाज खरोखरच बांधता येतो. त्याच अहवालात हेही होतं, की खालच्या स्कोअरमध्ये कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोक त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त आहेत. कंपन्या पहिलं वाक्य सांगतात, बंदीवाले दुसरं. 2015मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने 2 अब्जांहून अधिक कोटेशनं तपासली. तेव्हा फ्लोरिडात दिसलं, की एकही गुन्हा नावावर नसलेल्या, पण क्रेडिट वाईट असलेल्या एकट्या माणसाचा वर्षाचा हप्ता दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोषी ठरलेल्या, पण उत्तम क्रेडिटच्या माणसापेक्षा सरासरी 1,552 डॉलरनी जास्त होता. यावर कंपन्यांकडे आकडेशास्त्राचं उत्तर असेल, पण शेजाऱ्याला समजावता येईल असं उत्तर नाही.

तुमच्या राज्यात काय चालतं

कॅलिफोर्नियात हा निवाडा मतदारांनीच 1988मध्ये प्रपोझिशन 103 मंजूर करून केला. हप्त्यात सर्वांत जास्त वजन गाडी चालवण्याच्या रेकॉर्डला, मग वर्षाला किती मैल चालवता त्याला, मग किती वर्षांचा अनुभव आहे त्याला. बाकी सगळं त्याखाली. क्रेडिट तिथे चालत नाही, 2019पासून स्त्री-पुरुष भेदही नाही. आधी विमा नव्हता म्हणून जास्त आकारायलाही मनाई. चांगल्या चालकाला 20 टक्के सवलत कायद्यानेच द्यावी लागते. दरवाढीला विमा आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. याची दुसरी बाजूही आहे. करोनानंतर मंजुऱ्या रखडल्या, तेव्हा काही कंपन्यांनी नवीन ग्राहक घेण्यात हात आखडता घेतला.

हवाईत क्रेडिट, वय, लिंग, लग्न, इतकंच काय, चालवण्याची वर्षंसुद्धा बघता येत नाहीत. तिथे सतरा वर्षांच्या मुलाचं ओझं पन्नाशीच्या काकांच्या हप्त्यात वाटलं जातं. मॅसॅच्युसेट्समध्येही क्रेडिट, लिंग, लग्न बाद आहेत. मिशिगनने 2019च्या कायद्याने लिंग, लग्न, घराची मालकी, शिक्षण, व्यवसाय, झिपकोड आणि क्रेडिट स्कोअर काढले आणि 2 जुलै 2020पासून ते लागू झालं. पण बारीक अक्षरं वाचा. झिपकोड गेला तरी राज्याने मंजूर केलेला ‘टेरिटरी’ राहिला, आणि क्रेडिट स्कोअर गेला तरी क्रेडिटच्या माहितीवर बेतलेला ‘इन्शुरन्स स्कोअर’ चालतो. डेट्रॉइटच्या माणसाला यात कितीसा फरक दिसणार? न्यूयॉर्कने डिसेंबर 2017मध्ये मधला रस्ता काढला. शिक्षण-व्यवसाय वापरायचे असतील तर त्यांचा जोखमीशी संबंध कंपनीनेच दाखवून द्यायचा.

वॉशिंग्टन राज्याचा अनुभव बंदीवाल्यांनीही विसरू नये. तिथले आयुक्त माइक क्राइडलर यांनी 2021मध्ये क्रेडिटवर तात्पुरती बंदी घातली. नूतनीकरणाची पत्रं घरोघरी पोचली आणि वर्षानुवर्षं बिलं वेळेवर भरणारे, एकही क्लेम न केलेले ज्येष्ठ नागरिक आपला हप्ता वाढलेला पाहून चिडले. वरच्या गणितातले 1,200वाले तेच. ऑगस्ट 2022मध्ये न्यायालयाने ठरवलं, की असा नियम करण्याचा अधिकारच आयुक्तांना नव्हता. बंदी गेली.

बंदी येईल तेव्हा येईल, आज काय कराल

क्रेडिट चालतं अशा राज्यात असाल, तर पॉलिसीबरोबर येणारं एक पत्र फेकू नका. क्रेडिटमुळे तुम्हाला जास्त दर लागला असेल, तर तसं कळवणं फेडरल कायद्याने बंधनकारक आहे. पान-दीड पानाचं रुक्ष पत्र असतं आणि खाली कारणं छापलेली असतात: क्रेडिटचा इतिहास अपुरा, खाती कमी, अलीकडे बऱ्याच ठिकाणी कर्जाची चौकशी. नव्याने आलेल्यांच्या पत्रात पहिली दोन हमखास दिसतात. त्या पत्रानंतर रिपोर्ट फुकट मागता येतो. चूक सापडली तर दुरुस्त करून घ्या आणि हप्ता पुन्हा काढायला लावा. चूक नसली तरी एक गोष्ट करा. वर्षभराने क्रेडिट सुधारलं, की कंपनीला नव्या रिपोर्टवर दर काढायला सांगा. अनेक राज्यांत ग्राहकाने मागितल्यावर वर्षातून एकदा हे करावंच लागतं, पण आपणहून कंपनी ते करेलच असं नाही. कोटेशन मागितल्याने स्कोअर घसरतो ही भीती निराधार आहे.

भारतातला अनुभव मोजतात का, हे कोटेशनच्या आधी विचारा. आपल्याकडचा ‘नो क्लेम बोनस’ तिथे चालेलच असं नाही. चालवण्याची वर्षं मात्र काही कंपन्या धरतात. त्यासाठी लायसन्स पहिल्यांदा मिळाल्याची तारीख दाखवणारा कागद लागतो. आरटीओच्या सारथी पोर्टलवरून लायसन्सचा उतारा निघतो, तो भारत सोडण्याआधीच काढून ठेवा. चाळिशीच्या माणसाला ‘नवशिका’ म्हणून दर लावलेला ऐकला, की वाईट वाटतं.

चार-सहा महिने भारतात राहणार असाल, तर पॉलिसी सरळ बंद करू नका. कॅलिफोर्निया सोडल्यास बऱ्याच ठिकाणी मधली फट महागात पडते. गाडी ठेवून जाणार असाल तर कमी कव्हरचा पर्याय आणि नंबरप्लेटचे नियम एजंटला विचारा. आणि स्वस्त झिपकोडातल्या मित्राचा पत्ता देण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पत्ता म्हणजे गाडी रात्री जिथे उभी राहते ती जागा. क्लेमच्या वेळी ते उघडं पडतं आणि पैसे अडकतात.

निकषांपेक्षा जास्त पैसे कव्हरच्या निवडीत हलतात. न्यू जर्सीत 1 जानेवारी 2026पासून किमान मर्यादा 35/70/25 झाली. म्हणजे तुमच्यामुळे एका माणसाला इजा झाली तर 35,000 डॉलर, एका अपघातात सगळ्यांना मिळून 70,000, आणि मालमत्तेचं नुकसान 25,000. आजच्या एखाद्या नव्या एसयूव्हीला धडक बसली, तर 25 हजार कमी पडतात. इथे काटकसर नको. 100/300/100चा दर जरूर काढून बघा. वाचवायचं तर डिडक्टिबलमध्ये, म्हणजे क्लेमच्या वेळी तुम्ही स्वतः भरायच्या रकमेत. ते 500वरून 1,000 केल्यावर वर्षाला समजा 90 डॉलर वाचत असतील, तर वाढीव 500 वसूल व्हायला साडेपाच वर्षं लागतात. तेवढ्यात एखादी धडक झाली की हिशेब फसला. 200 वाचत असतील तर डोळे मिटून करा. न्यू जर्सीत अपघाताच्या वैद्यकीय खर्चासाठी आधी आपला आरोग्य विमा लावण्याचा पर्याय स्वस्त पडतो, पण तुमचा आरोग्य विमा वाहन अपघात भरतो हे लेखी घ्या. मेडिकेअर, मेडिकेड त्यासाठी चालत नाहीत.

घरात मूल गाडी शिकायला लागलं की हप्ता उसळतोच. बी सरासरीच्या गुणांवर सवलत असते आणि मूल शंभर मैलांपलीकडच्या कॉलेजात गाडीविना असेल तरी असते. दोन्ही मागून घ्याव्या लागतात.

शेवटी, गाडी कशी चालवता हे मोजणारं ॲप. क्रेडिट, डिग्री बाद झाले तर कंपन्या याच वाटेने जाणार. तत्त्व म्हणून ते मला पटतं. स्कोअरपेक्षा ब्रेक मोजलेला बरा. पण रात्री उशिरा गाडी चालवणंही त्यात तुमच्या विरुद्ध जातं, मग भले तुम्ही रात्रपाळीच्या नर्स असलात तरी. सहभागी होण्याआधी एवढंच विचारा: वाईट नोंदीने हप्ता वाढू शकतो का? प्रोग्रेसिव्ह या विमा कंपनीच्या ‘स्नॅपशॉट’ ॲपमध्ये तो वाढू शकतो, हे कंपनी स्वतःच सांगते. गाडीच्या ॲपमधली संमतीही तपासा. जनरल मोटर्सच्या गाड्यांमधली चालवण्याची माहिती परस्पर लेक्सिसनेक्सिससारख्या, ग्राहकांचे रिपोर्ट तयार करणाऱ्या कंपन्यांकडे जात होती. 2025च्या जानेवारीत फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर पाच वर्षांची बंदी घालणारा आदेश पुढे आणला. लेक्सिसनेक्सिसकडे तुमच्या नावावर काय जमा आहे, त्याचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात तुमचे जुने क्लेमही असतात, आणि कधीकधी तुमचे नसलेलेही.

नवी कोटेशनं पॉलिसी संपायच्या तीन-चार आठवडे आधी घ्या, निदान तीन कंपन्यांची, तीच कव्हर आणि तेच डिडक्टिबल धरून; नाहीतर तुलना होत नाही. कंपनी बदलायची ठरलीच, तर नवी पॉलिसी सुरू झाल्याचा कागद हातात आल्यावरच जुनी रद्द करायला सांगा, आणि दोन्हींवरच्या तारखा जुळवून बघा.