खाडीकाठची वाट : बांध, उघाडी आणि सायकलीचे चाक

उरण तालुक्यात द्रोणागिरी हे नाव आज एकाहून अधिक गोष्टींस लागलेले आहे. करंजा गावामागचा डोंगर द्रोणागिरी, त्यावरील पडका किल्ला द्रोणागिरी, करंजाची देवी द्रोणागिरी. आणि गेल्या काही दशकांत सिडकोने वसविलेली वसाहत व तिचे रेल्वे स्थानक, तेही द्रोणागिरीच. लक्ष्मणासाठी औषधीचा पर्वत नेताना मारुतीच्या हातून त्याचा एक तुकडा येथे पडला, असे गावची वडीलधारी मंडळी सांगतात. मुलांना ही कथा ठाऊक असते. परंतु डोंगराच्या पायथ्याशी जी सपाट जमीन पसरली आहे, ती कोठून आली, असे विचारले तर वर्ग गप्प होतो. ती जमीन कोणी आकाशातून टाकलेली नाही. ती माणसांनी समुद्रापासून राखून घेतलेली आहे, आणि हे मुलांस पायांनी चालून व सायकलीच्या चाकाने मोजून कसे शिकविता येईल, यासंबंधी स्वानुभवाने काही लिहावे असा या पाठाचा हेतू आहे.

आपल्या जिल्ह्याच्या खारपट्ट्यात वाढलेल्या शिक्षकास बांध म्हणजे काय हे सांगावयास नको. तथापि बाहेरून बदली होऊन आलेल्या बंधुभगिनींसाठी थोडे विवरण करतो. खाडीच्या तोंडाशी जो मोठा बांध असतो तो बाहेरकाठा. तो भरतीचे खारे पाणी अडवितो. त्याच्या आत पावसाच्या गोड्या पाण्यावर भाताचे पीक घेतात. पण पावसाचे पाणी साचून राहिले तर पीक कुजेल. म्हणून बांधात जागोजागी उघाडी ठेवलेली असते. उघाडीची झडप अशी बसविलेली असते की, भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की ती आपोआप मिटते, आणि ओहोटीला आतील पाण्याचा दाब वाढला की ती उघडते. माणूस तेथे उभा नसतो. चंद्रच दार लावतो आणि उघडतो, असे मी मुलांस सांगतो. बांधाला खेकडे बिळे पाडतात, बिळातून पाणी झिरपते, आणि उधाणाच्या एका रात्रीत खांड पडते. खांड पडली की त्या शेतात मीठ शिरते व पुढील काही वर्षे पिकास मुकावे लागते. अशा जमिनीसाठी क्षार सोसणारे भाताचे वाण पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढले आहेत. तेथील एखादी लोंबी वर्गात आणून ठेवली तर पाठास फार उपयोग होतो.

आता सहलीच्या तयारीकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे पंचांग. मी एकदा पंचांग न पाहता चौथीच्या मुलांना घेऊन निघालो होतो. जाताना वाट कोरडी होती. परतताना वाटेच्या सखल भागावर घोटाभर पाणी आले होते. कोणास इजा झाली नाही, वहाणा हातात घेऊन सर्वजण सुखरूप आलो, पण त्या अर्ध्या तासात माझ्या जिवाची जी अवस्था झाली ती मी विसरलेलो नाही. त्यानंतर किनाऱ्यावरील जुन्या मंडळींचा ठोकताळा मी मुलांस प्रथम शिकवू लागलो. तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता त्या दिवशी पूर्ण भरती. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणजे सुमारे तीन वाजता. अष्टमीस सहा वाजता. आणि पौर्णिमा वा अमावास्या असेल तर बाराच्या सुमारास. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून हाच आकडा दिवसास व रात्रीस दोन्हीकडे लागू पडतो. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दररोज भरती सुमारे पाऊण तासाने, कधी त्याहून थोड्या अधिक अंतराने पुढे सरकते. पाऊणकी ज्या मुलास पाठ होत नव्हती, त्यास ती या निमित्ताने पाठ झाली, हा माझा अनुभव आहे. अर्थात हा केवळ ठोकताळा आहे. मुलांस घेऊन निघण्यापूर्वी मुंबई बंदराचे छापील भरती-कोष्टक पाहावेच, आणि उधाणाचा दिवस सहलीस निवडू नये.

बांधावरून चालताना मुलांनी घाई करू नये. पायी चालणारास जे दिसते ते चाकावरून जाणारास दिसत नाही. ओहोटीच्या चिखलात निवट्या उड्या मारीत असतात. मासा असून जमिनीवर का येतो, हा प्रश्न मुलेच विचारतात. एक नांगी मोठी व एक लहान असलेला खेकडा दिसला तर तो नर समजावा. तिवराच्या भोवती चिखलातून पेन्सिलीएवढ्या मुळ्या वर आलेल्या असतात. त्या झाडाच्या श्वासासाठी असतात, कारण चिखलात हवा नसते. पांढऱ्या चिपीला २०२० साली महाराष्ट्राचे राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला. झाड सापडल्यास मुलांना दाखवावे, पण फांदी तोडू देऊ नये. हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभी पाणथळीत रोहित पक्षी उतरतात. त्यांच्याजवळ जाण्याचा मोह आवरावा. चिखलात उतरू नये, हा नियम तर मुलांनी निघण्यापूर्वी मोठ्याने म्हणावा. खाडीचा चिखल गुडघ्यापर्यंत गिळतो आणि लहान मूल घाबरते.

सायकलीचा पाठ याहून वेगळा आहे, व त्याचे स्थळही वेगळे असावे. न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाल्यापासून तालुक्याच्या मोठ्या रस्त्यांवर कंटेनरच्या गाड्यांची रांग असते. त्या रस्त्यांवर मुलांची सायकल-सहल काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मग कोणी कितीही आग्रह धरो. ज्या गावी बांधाचा माथा रुंद असून त्यावर खडी किंवा काँक्रीट घालून वाट पक्की केली आहे, तेथेच सायकली न्याव्यात. दोन सायकलींत पाच-सहा हातांचे अंतर असावे, आणि समोरून कोणी पायी येत असल्यास सायकलस्वाराने खाली उतरावे. डोक्यावर भारा किंवा माशांची पाटी घेतलेल्या बाईने बांधावर मुलांसाठी बाजूस सरावे, हे शोभणारे नाही.

चाकाने अंतर मोजण्याचा प्रयोग पुढीलप्रमाणे करावा. चाकाच्या एका आऱ्यास तांबडी चिंधी बांधावी. २६ इंची चाकाचा व्यास सुमारे ६६ सेंटिमीटर. त्यास २२ ने गुणून ७ ने भागले असता परीघ सुमारे २०७ सेंटिमीटर येतो. म्हणजे चिंधी ४८२ वेळा खाली आली की एक किलोमीटर झाला. आमच्या शाळेत तीन गटांनी एकच वाट मोजली आणि तीन निरनिराळी उत्तरे आली. कोणाचे चुकले, यावर भांडण जुंपले. तेव्हा सहावीतील एका मुलीने विचारले, "गुरुजी, चिखलात चाक घसरलं तर तो फेरा धरायचा की नाही?" ती ज्या गटात होती त्याने वाटेचा कच्चा भाग चाकानेच मोजला होता, इतरांनी तेथे सायकल उचलून पावलांनी मोजले होते. बसणाराच्या वजनाने टायर थोडा दबतो व परीघ किंचित कमी होतो, हीही गोष्ट त्याच दिवशी पुढे आली. पक्क्या वाटेचा उपयोग तेव्हा मुलांना कळला: ती नुसती पायास सुखाची नसते, तिच्यावर माप खरे येते.

याच प्रयोगाचा दुसरा भाग आम्ही शहरात केला. खारकोपर ते उरण हा लोहमार्ग १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाल्यामुळे द्रोणागिरी स्थानकातून नेरुळला मुलांस नेणे आता अवघड राहिलेले नाही. मात्र काही गाड्या बेलापूरला जातात. गाडीवरील पाटी वाचण्याचे काम एखाद्या विद्यार्थ्याकडेच सोपवावे. वाटेत पनवेलची खाडी ओलांडताना खिडकीची जागा लहानांना द्यावी. नेरुळला पाम बीच मार्गाच्या बाजूस एक मोठा तलाव आहे व त्याच्या काठाने फरसबंद वाट काढलेली आहे. सकाळ-सायंकाळ शेकडो माणसे तेथे फिरावयास येतात. आम्ही सायकली नेल्या नव्हत्या. जुन्या सायकलीचे पुढचे चाक काट्यासह काढून, त्यास चिंधी बांधून नेले होते. ते ढकलीत नेले की झाले. चाक पाहून लोक थांबत, आणि मुले त्यांना परिघाचे गणित समजावीत.

त्या तलावाचे खरे काम बहुतेक फिरणारांस ठाऊक नसते. नव्या मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीहून सखल आहे. पावसाळ्यात भरती व मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर नाल्यांचे पाणी खाडीत जाऊ शकत नाही. म्हणून हॉलंडच्या धर्तीवर असे धारण तलाव खोदले गेले. भरतीस त्यांची झडप मिटते, शहराचे पाणी तलावात थांबते. ओहोटीस झडप उघडते, पाणी खाडीत जाते. हे सांगून मी थांबलो. थोड्या वेळाने मागील रांगेतून आवाज आला, "म्हणजे ही उघाडीच की!" शहर म्हणजे काही निराळ्या जातीची वस्तू आहे, असे समजणाऱ्या मुलाच्या तोंडचे हे वाक्य होते. आपल्या आजोबांस जी विद्या अवगत होती तिच्यावरच हे शहर कोरडे राहिले आहे, हे त्यास कोणी सांगितले नव्हते.

लगेच दुसऱ्या मुलाने विचारले, "इथं आधी कुणाची शेतं होती?" अशा प्रश्नास टाळू नये. नव्या मुंबईसाठी सिडकोची स्थापना १९७० साली झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घेण्यात आल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर उरणमध्ये जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी लढा दिला. १६ व १७ तारखांस झालेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. मुलांपैकी निम्म्यांच्या घरी ही कथा बोलली जाते. शाळेत ती तारखांसह, रागलोभाविना सांगावी. टक्केवारीचे उदाहरण म्हणूनही ती घेता येते: शंभर गुंठे जमीन गेली असता साडेबारा टक्के म्हणजे किती गुंठे, हे मुलांनी तोंडी सांगितले, आणि उत्तर आल्यावर वर्ग थोडा वेळ काही बोलला नाही.

परत आल्यावर भिंतीवर एक तक्ता लावला. त्यात तिथी, ठोकताळ्याने आलेली भरतीची वेळ आणि प्रत्यक्ष पाहिलेली वेळ असे तीन रकाने होते. खाडीजवळ घर असलेली मुले आळीपाळीने मोठ्या माणसांसोबत उघाडीवर जाऊन वेळ टिपून आणीत. चतुर्थीच्या ओळीत त्याच सहावीतल्या मुलीने तीन वाजताच्या समोर दोन वाजून पन्नास मिनिटे लिहिले होते. शेजारच्या मुलाने रबर पुढे केला. मी तो काढून घेतला, आणि पुढील चतुर्थीस तिच्याबरोबर त्यालाही पाठविले.