उन्हाळ्यातली उजनी: गळ काठावरून टाका

उन्हाळ्याच्या सुट्टीत उजनीवर होडी काढून मासे धरायचा बेत सोलापुरातल्या नवी पेठेसारख्या भर बाजारपेठेतल्या माणसालाही सहज सुचतो. टेंभुर्णीच्या पुढे भीमानगरला धरणाची भिंत लागते, म्हणजे सकाळी निघून रात्री घरी परतण्याइतकेच अंतर. त्यात हल्ली परदेशातली मासेमारी मोबाइलवर दिसते: होडी अगदी हळू चालत राहते, मागे सोडलेले गळ पाण्यातून ओढले जातात आणि चंदेरी मासा लागतो. तसेच उजनीवर करून पाहावे असे अनेकांना वाटते. गळ टाकण्याची ओढ मला ठाऊक आहे, म्हणून कळकळीने सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत उजनीवर गळ टाकायचा असेल तर तो काठावरून टाका. मासा कुठे असतो आणि वारा कधी सुटतो, या दोन गोष्टी नीट पाहिल्या तर होडीची गरजही उरत नाही आणि तिचे समर्थनही.

आधी माशाचे पाहू. होडीमागे गळ ओढण्याची ती पद्धत अमेरिकेच्या वायव्य भागात आणि कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात कोकॅनी नावाच्या सामन माशासाठी वापरतात. कोकॅनी हा सॉकाय सामनचाच प्रकार, पण समुद्रात न जाता आयुष्यभर तळ्यातच राहणारा. त्याला थंड पाणी लागते. उन्हाळ्यात तळ्याचा वरचा थर तापला की तो खोल जातो, आणि खालच्या थंड पाण्यात प्राणवायू टिकून असल्यामुळे तिथे सुखाने राहतो. त्या खोलीपर्यंत गळ न्यायचा तर वजन बांधून तो खाली सोडावा लागतो आणि होडी तळ्याच्या मध्यावर न्यावी लागते. तिथे होडी लागते ती या कारणाने. उजनीत हे कारणच नाही. इथला मुख्य मासा चिलापी. त्याला उबदार पाणी मानवते, तो उथळ काठाला चरतो, तळाशी खळगे करून विणीची जागाही तिथेच करतो. शेवाळ आणि पाणवनस्पती हे त्याचे मुख्य खाणे, त्यामुळे पळत्या आमिषामागे तो क्वचितच धावतो. शिवाय पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेतून इथे येते, पाणी हिरवे होते. अशा तापलेल्या, सांडपाण्याने पोसलेल्या जलाशयात तळाचा प्राणवायू कुजणाऱ्या गाळातच खर्च होतो. गरम पाण्यात मुळातच तो कमी विरघळतो: समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात इथे खोल जाण्यात माशाचा फायदा नाही. तुम्ही मध्यावर जाता तेव्हा मासा बहुधा तुमच्या मागे, काठाशीच राहिलेला असतो.

आता वाऱ्याचे. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्याची दुपार तापली की वळिवाचे ढग चढतात. पाऊस पडण्याआधी ढगातली थंड हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते, आणि काही मिनिटांत शांत पाण्यावर लाटा उठतात. वाऱ्याला जितके लांब मोकळे पाणी मिळेल तितकी लाट मोठी होते, आणि उजनीचा फुगवटा शंभर किलोमीटरहून लांब आहे. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी संध्याकाळच्या सुमारास अशाच वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलेही होती. त्याआधी ३० एप्रिल २०१७ रोजी अजोतीजवळ होडी उलटून चार डॉक्टर गेले. दोन्ही घटना ऐन उन्हाळ्यातल्या आहेत. गळ ओढणारी होडी तर मुद्दाम हळू चाललेली असते. मागे दोऱ्या सोडलेल्या, सगळ्यांचे लक्ष गळाकडे आणि मासा लागला की सगळे एकाच कडेला. लाट आडवी येण्यासाठी याहून वाईट वेळ नाही. मच्छीमारांनी पाण्यात लावलेली जाळी पंख्यात अडकली तर इंजिन बंद पडते, आणि कष्टकऱ्याच्या जाळ्याचे नुकसान होते ते वेगळेच.

यावर पहिला आक्षेप असा की उन्हाळ्यात धरण आटलेले असते, मग भीती कसली? उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. त्यामुळे बातम्यांत ‘वजा’ टक्केवारी झळकते तेव्हाही माणूस बुडेल इतके पाणी मैलोन् मैल असते. उलट पातळी उतरली की बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांचे बुंधे, जुने चौथरे पृष्ठभागाच्या जवळ येतात. पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते ते सर्वांना दिसते, पण हातभर पाण्याखाली राहिलेली भिंत दिसत नाही. काठावरचा ओला गाळही वरून टणक दिसतो आणि पाय टाकताच गुडघ्यापर्यंत ओढतो. दुसरा आक्षेप, मला पोहता येते. विहिरीत पोहणे आणि कपड्यांसकट, तोंडावर लाटा घेत, काठ दूर असताना पोहणे यांत फार अंतर आहे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे दरवर्षीचे आकडे सांगतात की होडीच्या अपघातांत मेलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक बुडून मरतात, आणि त्या बुडालेल्यांत शंभरातल्या ऐंशीहून अधिक जणांच्या अंगात लाइफ जॅकेट नसते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: मच्छीमार तर रोज जातात. जातात, कारण पोट आहे. त्यांना बुंधे कुठे आहेत हे ठाऊक असते आणि आभाळ भरताना ते जाळे सोडून परत फिरतात. एवढे करूनही त्यांचा धोका टळत नाही. ज्याला धोका पत्करावाच लागतो त्याचे उदाहरण देऊन, हौसेखातर जाणाऱ्याने आपले समर्थन करू नये.

तेव्हा गळ घेऊन जाणाऱ्यांनी एवढे पाळावे. काठाची जागा स्थानिक मच्छीमाराला विचारून निवडा, जाळी कुठे आहेत तेही विचारा, आणि गाळात पाय टाकण्याआधी काठीने अंदाज घ्या. मासा संध्याकाळी चांगला लागतो असे वाटत असेल तर संध्याकाळही काठावरच घालवा, पण विजा चमकू लागताच पाण्यापासून आणि एकट्या झाडापासून दूर व्हा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप विजेची सूचना देते, ते मोबाइलवर ठेवा. होडीत बसणे टळतच नसेल तर उजाडताना निघा, ऊन चढण्याआधी काठाला या, आणि जॅकेट अंगात घालून पट्टे आवळा. पायाशी ठेवलेले जॅकेट होडी उलटताना घालता येत नाही. उकडते ही तक्रार खरी आहे, पण सकाळच्या दोन-तीन तासांत ती सोसवते. जॅकेट प्रत्येकाला मिळत नसेल तर होडी सोडू नका, मग पैसे आधी दिलेले असोत वा नसोत. आणि लहान मुलांना उन्हाळ्यात गळाच्या होडीत नेऊच नका. ज्याने बेत आखला, गाडी ठरवली, सगळ्यांना गोळा केले, त्यानेच नको म्हणायची जबाबदारीही घ्यायची असते, कारण बाकीचे त्याच्या भरवशावर आलेले असतात.