मेंदूतील रक्तस्राव : निदानाचे पहिले तास

डोकेदुखी ही नित्याची तक्रार असल्याने पित्त, ऊन किंवा जागरण हे तिचे कारण समजून घरगुती उपचार केले जातात. तथापि, क्षणार्धात उद्भवून मिनिटभरात असह्य होणारी, पूर्वी कधीही न अनुभवलेली डोकेदुखी ही निराळी बाब होय. तिच्याबरोबर उलटी, मान ताठरणे, उजेड सहन न होणे किंवा शुद्ध हरपणे ही लक्षणे दिसल्यास मेंदूतील रक्तवाहिनीवरील फुगा फुटल्याची शंका घेणे आवश्यक ठरते.

मेंदूच्या तळाशी धमन्यांना जेथे फाटे फुटतात, तेथे भिंत दुर्बळ होऊन असा फुगा तयार होतो. वैद्यकीय परिभाषेत त्यास ‘अ‍ॅन्युरिझम’ म्हणतात. तो फुटताच रक्त मेंदूभोवतीच्या द्रवात पसरते.

हे रक्त प्रत्यक्ष दाखविण्याचे प्रमुख साधन म्हणजे सी. टी. स्कॅन. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये या यंत्राने प्रथमच रुग्णाच्या मेंदूची तपासणी झाली. त्याचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासमवेत १९७९ चे नोबेल पारितोषिक लाभले. या प्रतिमेत मेंदूभोवतीचा द्रव काळसर, तर ताजे रक्त पांढरे दिसते.

येथे वेळेला विशेष महत्त्व आहे. आधुनिक यंत्रावर पहिल्या सहा तासांत केलेल्या तपासणीत असा रक्तस्राव क्वचितच निसटतो. पुढे रक्त द्रवात विरत जाते आणि आठवड्याभराने सुमारे निम्म्या रुग्णांत ते दिसतही नाही. म्हणूनच उशिरा काढलेली प्रतिमा निर्दोष आली, तरी शंका संपत नाही. अशा वेळी डॉक्टर पाठीच्या मणक्यांतून पाणी काढून त्यात पिवळसर झाक आहे काय, हे तपासतात.

रक्तस्राव सिद्ध झाल्यावर फुग्याची जागा व आकार शोधण्यासाठी अँजिओग्राफी करतात. मेंदूच्या धमन्यांचे असे चित्रण पोर्तुगालचे एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये प्रथम केले. आज शिरेतून औषध देऊन सी. टी. यंत्रावर, अथवा जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून ही तपासणी होते. फुग्याच्या मुळाशी चिमटा लावावा की आत धातूची वेटोळी भरावीत, याचा निर्णय त्यावरून घेता येतो.

पारनेर तालुक्यातील कान्हूर पठार, निघोज किंवा टाकळी ढोकेश्वर परिसरातील वाडीवस्तीवरून मोठे रुग्णालय गाठण्यास वेळ लागतो. फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असल्याने, वाट पाहण्यात रात्र घालविणे घातक ठरते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी तीन गोष्टी ग्रामस्थांच्या मनावर बिंबवाव्यात : वेदना सुरू झाल्याची नेमकी वेळ लिहून ठेवावी, अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त गोठू न देणारी गोळी स्वतःहून देऊ नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून, सी. टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय विनाविलंब गाठावे. यंत्र शहरात असले, तरी निदानाचा आरंभ गावातच होतो.