तहारतचा पाठ : चाळीस दिवसांची मर्यादा आणि आत वळलेला केस



आजच्या पाठाचा विषय चारचौघांत बोलला जात नाही. तो बोलला जात नाही, म्हणूनच लिहिणे आवश्यक वाटले.

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. आमच्या इंझोरीत जुहरची नमाज आटोपून लोक निघून गेले, तरी एक तरुण मशिदीच्या खांबाला टेकून बसून राहिला होता. तीन जुम्मे तो दिसला नव्हता. जवळ जाऊन विचारले, तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "मौलाना, चाळीस दिवस होऊन गेले. केस काढले नाहीत. माझी नमाज होते का?" कारण विचारल्यावर त्याने चाचरत सांगितले की, प्रत्येक वेळी वस्तरा फिरवला की चार दिवसांत जांघेत फोड उठतात, चालताना घासतात, सजद्यात जाताना कळ येते. एकदा त्याने सुईने फोड कोरला, तर तो अधिकच चिघळला. मग दुकानातून कुणीतरी सुचविलेली मलमाची नळी आणली. शेवटी केस काढणेच सोडले, आणि अपवित्रतेच्या भीतीने मशिदीत येणेही सोडले.

त्याचे बोलणे ऐकताना मला माझेच एक बयान आठवले. चाळीस दिवसांच्या मर्यादेवर मी मोठ्या कडक शब्दांत बोललो होतो. मर्यादा सांगितली होती, सवलत सांगितली नव्हती. त्याच्या त्रासात माझ्या अपुऱ्या शिकवणीचाही वाटा होता. हा पाठ त्या उणिवेची भरपाई आहे.

आदेश नेमका काय आहे?

सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये माननीय अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार आदरणीय प्रेषित (सल्ल.) यांनी पाच गोष्टी फितरतच्या, म्हणजे मानवी स्वभावधर्माच्या असल्याचे सांगितले आहे. खतना करणे, नाभीखालचे केस काढणे, मिशी बारीक करणे, नखे कापणे आणि काखेतील केस काढणे या त्या पाच गोष्टी होत. सहीह मुस्लिममध्येच माननीय अनस (रजि.) यांच्या कथनात यासाठी चाळीस रात्रींची कमाल मर्यादा आली आहे. फतावा आलमगीरीने याची उतरंड अशी लावली आहे : दर आठवड्याला स्वच्छता करणे उत्तम, पंधरा दिवसांनी करणे मध्यम, आणि चाळीस दिवसांपलीकडे विनाकारण टाळण्यास जागा नाही.

येथे तीन गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

पहिली, मर्यादा उलटली तरी नमाज होते. विनाकारण दिरंगाई करणे निश्चितच नापसंत आहे. परंतु त्यामुळे शरीर नापाक होत नाही, गुस्ल अपुरे राहत नाही आणि मशिदीचे दार बंद होत नाही. जो मनुष्य केसांसाठी जमात सोडतो, तो लहान उणीव झाकण्यासाठी मोठे नुकसान पत्करतो.

दुसरी, आदेश काख आणि नाभीखालच्या केसांपुरता आहे. हात, पाय, छाती, पाठ येथील केस काढण्याचा कोणताही आदेश नाही. तेथे केस काढल्याने त्रास होत असेल, तर ते तसेच राहू द्यावेत. हा सर्वांत सोपा उपाय होय.

तिसरी, आदेशाचा हेतू स्वच्छता हा आहे, कातडी गुळगुळीत करणे हा नव्हे. हदीसमध्ये नाभीखालच्या केसांसाठी आलेला 'इस्तिहदाद' हा शब्द 'हदीद' म्हणजे लोखंड यापासून झाला आहे. त्यातून वस्तऱ्याचा वापर सूचित होतो आणि पुरुषांसाठी तीच श्रेष्ठ पद्धत मानली गेली आहे. परंतु इमाम नववी (रह.) यांनी सहीह मुस्लिमच्या भाष्यात कात्रीने कापणे, उपटणे व नूरा लावणे यांनाही परवानगी असल्याचे नोंदविले आहे. नूरा म्हणजे चुना व हरताळ यांचा केस घालविणारा लेप. आजची केस काढण्याची क्रीम ही त्याच जातीची वस्तू होय.

याच भाष्यात एक हृद्य प्रसंग आहे. इमाम शाफई (रह.) यांच्याकडे त्यांचे शिष्य यूनुस गेले, तेव्हा न्हावी त्यांच्या काखेतील केस वस्तऱ्याने काढीत होता. इमामसाहेबांनी स्वतःहून सांगितले की, काखेतील केस उपटणे ही सुन्नत आहे हे मला ठाऊक आहे, पण ती वेदना मला सोसवत नाही. एवढा मोठा इमाम आपली असमर्थता शिष्यापुढे मोकळेपणाने कबूल करतो. मग आपण का लाजावे?

केस आत का वळतो?

मराठीत 'केसतोड' हा शब्द घरोघरी माहीत आहे. केसाच्या मुळाशी जंतुसंसर्ग होऊन उठलेला ठणकणारा फोड म्हणजे केसतोड. आत वळलेला केस हा त्याचा जवळचा नातलग. पुष्कळदा तोच पुढे केसतोड बनतो.

वस्तऱ्याने केस तिरका कापला की त्याचे टोक अणकुचीदार होते. केस कुरळा असेल, तर वाढताना तो वळून पुन्हा कातडीत शिरतो. कातडी ताणून वस्तरा फिरवला, तर केस पृष्ठभागाच्याही खाली कापला जातो. ताण सुटल्यावर तो आत दडतो आणि वर येण्याऐवजी मुळाच्या भिंतीलाच टोचतो. उपटताना किंवा वॅक्स करताना केस मधेच तुटला, तरी हेच घडते. शरीर या केसाला बाहेरून घुसलेला काटा समजते. त्यामुळे तेथे लाली, खाज, पुळी आणि मागाहून काळा डाग दिसतो. काखेतील व जांघेतील केस मुळातच जाड आणि वळणदार असतात. त्यात आमच्या वऱ्हाडचा उन्हाळा, शेतातला घाम आणि घट्ट जीन्सचे घर्षण! हा त्रास अस्वच्छ माणसालाच होतो, हा समज साफ चुकीचा आहे. उलट रोज अगदी तळापासून केस काढणाऱ्यालाच तो अधिक होतो.

केस काढण्याची पद्धत

१. घाईने, कोरड्या कातडीवर वस्तरा फिरवू नये. आधी कोमट पाण्याने अंघोळ करावी किंवा काही मिनिटे कोमट ओले फडके धरावे. केस मऊ होतात. केस लांब असतील, तर आधी कात्रीने आखूड करावेत.

२. साबणाचा भरपूर फेस किंवा शेव्हिंग क्रीम लावावी.

३. पाते नवे व धारदार असावे. बोथट पाते केस ओढते आणि कातडी खरवडते.

४. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने वस्तरा फिरवावा. कातडी ताणू नये, दाब देऊ नये, एकाच जागी पुनःपुन्हा फिरवू नये. प्रत्येक फेरीनंतर पाते धुवावे.

५. शेवटी गार पाण्याने धुऊन, न घासता टिपून कोरडे करावे. सुगंधी, झोंबणारे द्रव्य लावू नये. साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर पुरे.

६. त्यानंतर दोन दिवस तरी सैल, सुती कपडे वापरावेत. कुर्ता-पायजमा ही आपली जुनी सोय येथे उपयोगी पडते.

७. वस्तरा प्रत्येकाचा वेगळा असावा. बाप-लेक, भाऊ-भाऊ यांनीही एकमेकांचा वापरू नये. रक्तातून पसरणारी कावीळ व एचआयव्ही यांचा धोका असतो.

क्रीम वापरायची असेल, तर आधी हातावर थोडी लावून एक दिवस वाट पाहावी, वेष्टनावरील वेळेपेक्षा अधिक ठेवू नये आणि नाजूक अंतर्भागाला लागू देऊ नये. घरी चुन्याचा लेप कधीही करू नये, कातडी भाजते. हज-उमराहला निघणाऱ्यांनी ही स्वच्छता इहरामच्या दोन-तीन दिवस आधी करावी, म्हणजे ताज्या कातडीवर घाम व चालण्याचे घर्षण होणार नाही. कुर्बानी करणाऱ्यांनी जिलहज्जचा चंद्र दिसण्यापूर्वीच ती उरकावी.

ज्याला हा त्रास वारंवार होतो, त्याने ट्रिमर वापरून साधारण एक मिलिमीटर केस राहू द्यावेत. एवढा केस बाहेर राहिला की त्याचे टोक आत शिरत नाही. वस्तरा श्रेष्ठ असला, तरी आजाराच्या कारणाने कात्री किंवा ट्रिमर वापरणाऱ्याने मनात अपराधी भावना बाळगू नये. रोजाच्या आदेशात आजारी व प्रवाशाला सवलत देताना सूरह बकराच्या १८५व्या आयतीत अल्लाहने आपल्यासाठी सुलभता इच्छिल्याचे सांगितले आहे.

फोड उठल्यावर

पहिला नियम, कोरू नये आणि पिळू नये. त्या जागी वस्तरा, वॅक्स, उपटणे हे सारे काही आठवडे थांबवावे. दिवसातून दोन-तीन वेळा कोमट ओल्या फडक्याने शेक द्यावा. बहुतेक केस वाढता वाढता आपोआप सुटे होतात. जागा स्वच्छ व कोरडी ठेवावी.

दुसरा नियम, दुकानातून विचारून आणलेली 'सर्व रोगांवर एकच' अशी मलमे लावू नयेत. अशा पुष्कळ नळ्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवस खाज थांबते, पण जांघेतील कातडी पातळ होते आणि तेथे नायटा असेल तर तो दबून पसरतो. त्या तरुणाच्या बाबतीत हेच घडले होते.

लाली पसरू लागली, पू वाढला, ताप आला, फोड पुनःपुन्हा त्याच जागी उठू लागले, किंवा रुग्णाला मधुमेह असेल, तर वाट पाहू नये. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, वाशीमचे जिल्हा रुग्णालय, अथवा अकोला व यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे रुग्णालय गाठावे. उपचाराच्या गरजेपुरता सतर डॉक्टरांपुढे उघडणे शरीअतने वैध ठरविले आहे. स्त्रियांनी शक्यतो महिला डॉक्टर पाहावी. मात्र केवळ केस काढून घेण्यासाठी सतर दुसऱ्यापुढे उघडणे वैध नाही, मग ती पार्लरमधील स्त्री का असेना.

वुजूचे काय? हनफी मतानुसार फोडातील रक्त किंवा पू जागेवरून वाहिल्यास वुजू तुटतो. फोडाच्या तोंडाशीच राहिलेल्या थेंबाने तुटत नाही. गुस्लचे पाणी जखमेला अपायकारक असल्यास तेवढ्या जागेवर ओला हात फिरवावा; तेही सोसत नसेल, तर पट्टीवरून मसह करावा. स्राव नमाजच्या संपूर्ण वेळेत थांबतच नसेल, तर माजूरचे नियम आपल्या आलिमांना विचारून घ्यावेत.

विचारणे हाच इलाज

सुनन अबू दाऊदमध्ये माननीय जाबिर (रजि.) यांच्या कथनात एक प्रसंग आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला जखम झाली. पुढे त्याला गुस्लची गरज पडली. त्याने सोबत्यांना सवलत विचारली; त्यांनी नाही म्हटले. त्याने अंघोळ केली आणि तो मरण पावला. प्रेषित (सल्ल.) यांना हे कळले तेव्हा ते अत्यंत नाराज झाले. ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, अशी त्यांनी सोबत्यांची कानउघाडणी केली आणि अज्ञानाच्या आजारावर विचारणे हाच इलाज असल्याचे शिकविले.

ही हदीस मदरशात मी अनेकदा वाचली होती. तिचा बोध मात्र त्या दुपारी, खांबाशी बसलेल्या त्या तरुणापुढे झाला. ज्याला सांगायचे आहे त्याने सवलतीसह सांगावे. ज्याला त्रास आहे त्याने वेळीच विचारावे. मुलगा वयात आला की बापाने आणि मुलगी वयात आली की आईने आदेशासोबत ही पद्धतही शिकवावी. ती न शिकवल्यास मुले सुई आणि मलमाची नळी शोधतात.

तो तरुण त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन आला. आता तो ट्रिमर वापरतो. पुढच्या जुम्म्याला पहिल्या सफमध्ये होता.

अल्लाह आपणा सर्वांना शरीराची व अंतःकरणाची पवित्रता लाभू देवो, आणि आपल्या दीनातील सुलभता समजून घेण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.